बोटीची मागची भिंत कुजलीय, घरी बदलता येईल का?

प्रश्न : मामांची १४ फुटी फायबरची बोट आहे, आधी चांदोदला नर्मदेत चालायची, आता आमच्या आवारात पडून आहे. १५ एचपीचं इंजिन लावून जरा हलवलं की मागची भिंत (ट्रान्सम) डुलते आणि बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी गळतं. मिस्त्री म्हणतो ॲल्युमिनियमची प्लेट मारून टाका. चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : प्लेट अजिबात नको. तपकिरी पाणी म्हणजे आतलं प्लाय कुजलंय, प्लेट आवळली की तो चोथा अजून दबेल आणि बोल्ट परत ढिले. खात्री हवी तर आतून बारीक ड्रिल मारून बघा, भुसा ओला आणि काळपट निघाला तर बदलायलाच लागेल.

घरी होतं, पण घाण काम आहे. आधी बोट खालून दोन्ही बाजूंनी नीट टेकवा, नाहीतर ट्रान्सम मोकळा झाल्यावर बोट फाकते आणि तशीच राहते. कापायचं आतून, कडेला दोन-तीन इंच पट्टी सोडून, बाहेरचं फायबर तसंच ठेवायचं कारण तोच तुमचा साचा. कुजकं सगळं खरवडा, पूर्ण वाळू द्या, मग ४० नंबरच्या पेपरने घासा. मास्क आणि फुल बाह्या हव्यातच, ग्लासची धूळ दोन दिवस खाजवत ठेवते.

प्लाय आयएस ७१० मार्कचंच (म्हणजे मरीन प्लाय) घ्या, १८ मिमीचे दोन थर चिकटवून. जुनी जाडी मात्र आधी मोजा, इंजिनचा क्लॅम्प त्यावर बसायचाय. प्लाय बसवायला आणि वरून थर चढवायला लागणारं रेझिन आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) बडोद्यातच मकरपुऱ्याकडे विचारा. पॉलिस्टर रेझिन घेतलंत तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर टाकायचा, हे दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. इपॉक्सी वापरणार असाल तर साधी चॉप मॅट (तुकडे धाग्यांची) घेऊ नका, तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून विणलेलं कापड घ्या. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम पहाटेच, थोडं थोडं रेझिन कालवून, नाहीतर डब्यातच जाम.

बोल्टची भोकं मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातूनच बोल्टच्या मापाचं ड्रिल मारा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. ड्रेन प्लगच्या भोकालाही हेच करा, ते नेहमी राहून जातं.