नवी गाडी धुताना रंग कसा जपावा

आपल्या नव्या गाडीच्या रंगावर चरे पडण्याचे मुख्य कारण म्हणजे कोरड्या धुळीवर फिरवलेले फडके. जळगाव-धुळ्याकडे बसणाऱ्या धुळीत रेतीचे बारीक कण असतात. म्हणून आधी भरपूर पाणी ओतून ती वाहू द्यावी आणि मगच टपापासून खाली, २ बादल्या ठेवून, म्हणजे एकीत कार शाम्पू व दुसरीत कापड खळबळण्यासाठी साधे पाणी, मायक्रोफायबरच्या कापडाने हलक्या हाताने धुवावे. चाकांचे फडके वेगळे असावे. भांड्यांचा साबण टाळावा, कारण त्याने मेणाचा संरक्षक थर निघतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जात असल्याने सकाळी, सावलीत, पत्रा थंड असतानाच धुवावे. तापलेल्या बोनेटवर बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे डाग हमखास राहतात. रंग चमकवण्यासाठी पॉलिशच्या यंत्राचा विचार मात्र सध्या नको. दोन-तीनदा धुतल्यावर आपला हात नक्की बसेल.