लिलावात विकल्या जाणाऱ्या जुन्या अमेरिकन मसल कार (दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्या) खरंच तेवढ्या किमतीच्या असतात का?

गाडीपेक्षा कागद बघा. किंमत बहुतेक वेळा कागदांचीच असते.

२०१४ साली सिएटलच्या लिलावात १९७१ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. तसं पाहिलं तर बंद छपराच्या कूपेचंच छप्पर उघडणारं भावंड! पण ४२६ घन इंचांचं ताकदवान हेमी इंजिन आणि चार गिअरच्या अशा मोजक्याच बनल्या होत्या, म्हणून तो भाव.

खरा घोळ शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीमध्ये. १९७०च्या शेव्हेलच्या चासी नंबरवरून इंजिन व्ही-८ आहे एवढंच कळतं. ती ४५० अश्वशक्तीच्या एलएस६ इंजिनाची आहे की साधी मालिबू (शेव्हेलचंच नेहमीचं मॉडेल), हे नाही. त्यामुळे साध्या गाडीला बिल्ले चिकटवून 'एसएस' (सुपर स्पोर्ट, म्हणजे महागडी वेगवान आवृत्ती) करणारे पुष्कळ. कारखान्याची बिल्ड शीट (गाडीत मुळात काय बसवलं त्याची यादी) नसेल तर मी एसएसचा भाव देणार नाही, रंग कितीही चकाचक असो. प्लिमथ-डॉजचं बरं असतं, तिथे चासी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं.

शिवाय हातोडा पडला की वर साधारण दहा टक्के कमिशन, वाहतूक, विमा. चालवायची हौस असेल तर उघडपणे 'क्लोन', म्हणजे नक्कल, म्हणून विकलेली घ्या, निम्म्याहून कमीत तोच आवाज मिळतो.