१९३९च्या रुपयावरचा सन बदललेला आहे का, हे कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न असा: जुन्या बाजारात सहाव्या जॉर्जचा १९३९चा एक रुपया पाहिला, वजन ११.६६ ग्रॅम भरलं, सराफाने चांदी अस्सल असल्याचं सांगितलं, मग घ्यायला हरकत आहे का? माझ्या मते आत्ता तरी घेऊ नका. यातल्या एकाही परीक्षेने सन खरा ठरत नाही.

ओतीव नकली नाणं वजनात किंवा आवाजात सापडतं. सन बदललेलं नाणं तसं सापडत नाही, कारण मुळात ते टांकसाळीतूनच आलेलं असतं. १९३८चा रुपया सहज मिळतो. १९३९चा दुर्मिळ आहे, शिवाय ९१.७ टक्के चांदीचा तो शेवटचा सन. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली आणि काठही बदलला. त्यामुळे १९३८चा रुपया घ्यायचा आणि शेवटच्या आठाचा नऊ करायचा, हा उद्योग चालतो. धातू तोच, वजन तेच, खणखणाटही तोच.

म्हणून दहा पटीचं भिंग घ्या आणि सगळं लक्ष शेवटच्या आकड्यावर ठेवा. नाण्यावरचे आकडे इंग्रजी आहेत. इंग्रजी आठाचा नऊ करायला खालच्या गोलाची डावी बाजू तासून काढावी लागते, आणि तासल्याची खूण पुरती लपवता येत नाही. नाणं टेबलावर ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून नाणं हळूहळू फिरवा. अस्सल नाण्यावर आकड्याभोवतीची सपाट जागा सलग दिसते. जुनेपणाचा काळसरपणाही आकड्याच्या कडेपर्यंत सारखा पोचलेला असतो. मध्यंतरी एका गृहस्थांनी दाखवलेल्या रुपयावर नऊच्या डोक्याखाली डावीकडे उथळ खळगा होता. त्यात एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे होते आणि तेवढाच ठिपका उजळ होता. बाकी रुपया छान जुना, काळपट. वरून उजेड पाडला की यातलं काहीही दिसत नव्हतं.

दुसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. १९३९मध्ये नऊ दोनदा येतो, म्हणजे अस्सल नमुना त्याच नाण्यावर हजर आहे. दोन्ही नऊ ताडून पाहा: डोक्याचा गोल, आतली पोकळी, शेपटीचं वळण, टोकाची जाडी. आठाचा वरचा गोल सहसा खालच्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे कोरून केलेल्या नऊचं डोकं शेजारच्या नऊपेक्षा बारीक राहतं. तासून धातू कमी करता येतो, डोकं मोठं कुठून करणार? क्वचित वरून धातू किंवा चिकट पदार्थ लावून आकडा बनवतात. तेव्हा आकड्याच्या बुडाशी रेघ किंवा बारीक फट दिसते.

आणखी एक, सनाच्या बाजूला खालच्या फुलाखाली असणारं बारीक टिंब: १९३८चे रुपये टिंबाचे आणि बिनटिंबाचे असे दोन्ही मिळतात, १९३९चा मात्र टिंबाचा असतो. टिंब नसेल तर विषय तिथेच संपवा. टिंब असेल तर एवढ्यावरून काही ठरत नाही, टिंबाच्या १९३८वरही हात चालवलेला असू शकतो.

पुढेमागे पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया समोर आला, तर आधी राजाच्या झग्यावरचा हत्ती बघा. १९११ला तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२पासून हत्ती बदलला. सन १९११ आणि हत्ती नव्या घडणीचा, तर दोनाचा एक केलेला आहे हे उघड. मात्र नाणं फार झिजलेलं असेल तर हत्तीवर विसंबू नका.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल, तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं जुळवा, कारण डब्याही नकली येतात. सुटं नाणं असेल तर विक्रेत्याकडे सनाचा जवळून, बाजूच्या उजेडात काढलेला फोटो मागा आणि ‘सन बदललेला आढळल्यास पैसे परत’ असं बिलावर लिहून घ्या. तो फोटो इथे टाकलात तर मीही बघून सांगेन. तोवर नाणं घासू किंवा धुऊ देऊ नका, नाहीतर आपल्याला ज्या खुणा बघायच्या आहेत त्याच निघून जातील.