पहिलीच पायी वारी आहे. आषाढी एकादशीनंतर घरी परतायला एसटी बरी की रेल्वे? आणि लगेच निघावं का?

एसटी बरी. रेल्वेने परतलात तर बहुतेकांना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागते, आणि इतके दिवस चाललेल्या पायांनी, बोचकं सांभाळत, त्या गर्दीत जिना चढणं-उतरणं म्हणजे हाल. एसटी आषाढीला जादा गाड्या सोडते, बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना तिकीटच नाही. फक्त एकादशीच्या रात्री स्टँडवर जाऊ नका.

मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी. लगेच निघावं का, असं विचारलंत. नाही, निघू नये.

2014 साली मी पहिल्यांदा माऊलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पादुका नेणाऱ्या पालखीच्या सोहळ्यात चालले. थोरल्या दादाची दिंडी होती, म्हणजे हिशेब, तंबू, ट्रक सगळं तोच बघायचा. आळंदी ते पंढरपूर व्यवस्थित झालं. एकादशीला चंद्रभागेत स्नान केलं, दर्शनाच्या रांगेचा अंदाज घेतला आणि कळसालाच हात जोडले. संध्याकाळी दादा म्हणाला, "चला, ट्रक भरायला घ्या. उद्या रस्ते तुंबतील." रात्री निघालो, पहाटे घरी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावर बसले होते. गुडघे जाईपर्यंत त्यांनी दरवर्षी परतवारी केली होती, माऊलींबरोबर पायी पंढरपूर आणि माऊलींबरोबरच पायी आळंदी. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "माऊली कुठं आहे आत्ता?"

मी म्हटलं, "पंढरपुरात."

"मग तू इथं कशी?"

रागावून नाही विचारलं. त्यांना खरंच उलगडा होत नव्हता. मला काही बोलता आलं नाही. दादा ट्रकमधून भांडी उतरवत होता, तिथूनच म्हणाला, "अण्णा, वारी पंढरपूरला संपते. देव भेटला, झालं." तेव्हापासून हा वाद आमच्या घरात आहे.

दोन वर्षांनी मी परतवारी केली. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला, पादुकांची पांडुरंगाशी भेट झाली आणि पालखी माघारी फिरली. रस्ता तोच, पण ओळखू येईना. जाताना सतरा-अठरा दिवस लागलेली वाट येताना दहा-अकरा दिवसांत उरकायची असते, म्हणून दोन-दोन टप्पे एका दिवसात. जाताना माळशिरसला मुक्काम होता, येताना वेळापूरहून थेट नातेपुते. दुसऱ्या दिवशी बरडला न थांबता थेट फलटण. या दोन दिवसांत रोज 35 ते 40 किलोमीटर पडतात. उजाडायच्या आत निघायचं. मंडप नाहीत, पाण्याचे टँकर दर वळणावर नाहीत, फुकट चहा आणि पायाला तेल चोळणारे नाहीत. दिंड्या थोड्या. अभंग म्हणताना आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतो, त्याची सुरुवातीला लाज वाटते, मग वाटेनाशी होते.

पुरंदवड्याजवळ, जिथे जाताना गोल रिंगणात अश्वाची दौड बघायला माणसं झाडांवर चढली होती, तिथे आता नुसतं मोकळं रान. पाणी साचलेलं. भुरभुर चालू होती. एक आजीबाई शेळ्या घेऊन उभ्या होत्या. रथ थोडा थांबला तशा त्या पुढे आल्या, काठी खाली ठेवली आणि पादुकांवर डोकं टेकवून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. कोणी ढकललं नाही, कोणी "चला, चला" म्हटलं नाही. मागे रांगच नव्हती. उठल्यावर मला म्हणाल्या, "जाताना गर्दीत दिसलीच न्हाई गं माऊली. म्हनलं, येताना भेटंल."

त्यानंतर मी पुढचे सगळे दिवस वाटेवरची माणसं बघत चालले. जाताना वारकऱ्यांना जेवू घालण्यात ज्यांना दर्शन घेता आलं नाही त्या घरांतल्या बायका येत होत्या. बंदोबस्ताला उभा राहिलेला एक पोलीस साध्या कपड्यांत पोराला घेऊन आला होता. जाताना लाखो लोक असतात, त्यात वाटेवरची गावं यजमान असतात. यजमानाची आणि माऊलीची निवांत भेट येतानाच होते. आम्ही ट्रक भरून रात्रीत पळून आलो होतो, त्या वर्षी हे सगळं आमच्यावाचून पार पडलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

सासवड सोडलं, दिवे घाट उतरलो. जाताना याच घाटात कॅमेरेवाल्यांची दाटी होती, उतरताना एकही नव्हता. आळंदीला पोचल्यावर मी अण्णांना फोन केला आणि म्हटलं, "माऊली घरी आली." पलीकडून काही बोलणं आलं नाही, नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

दादा अजून म्हणतो की वारी म्हणजे जाणं. मी म्हणते, वारी म्हणजे येरझार, नुसत्या जाण्याला कोणी येरझार म्हणत नाही. 2020 साली साथीमुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा दादाने मुद्दाम फोन केला, "बघ, माऊलीसुद्धा एसटीनंच." तेव्हा मला सुचलं नाही, आता सांगते. त्या वर्षी एवढी कडक बंधनं असताना पादुका नेल्या तशा परत आणल्याही. दशमीला पोचवल्या, आता तिथेच राहू द्या, असं कोणी म्हटलं नाही.

तुम्ही विचाराल, पौर्णिमेपर्यंत थांबून करायचं काय. द्वादशीला उपवास सोडा, मग दर्शनाच्या रांगेकडे बघा, ती रोज थोडी आखडत जाते. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनं चालू असतात, आता तिथे बसायला जागा मिळते. आणि एक लक्षात घ्या, यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात. देव रात्रंदिवस उभा असतो, सगळ्यांना दर्शन मिळावं म्हणून. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि मग त्याची झोप सुरू होते. देव इतके दिवस उभा राहतो, तर आपण चार दिवस जास्त थांबायला काय हरकत आहे?

आता, ज्यांची पेरणी अडली आहे, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, रजा संपली आहे, त्यांनी खुशाल एकादशी करून निघावं. गुडघे सुजले असतील किंवा पायाला फोड असतील, साखरेचा त्रास असेल, तर परतवारीचे मोठे टप्पे अंगावर घेऊ नका, मी सांगितलं म्हणूनसुद्धा नको. दादाचंही एक मला मान्य आहे. त्याच्यावर शंभर माणसांची भांडी, तंबू आणि म्हातारी माणसं सुखरूप पोचवायची जबाबदारी असते, ते चालत होत नाही. पण मग त्याने "माझ्याच्याने होत नाही" म्हणावं. "वारी संपली" म्हणू नये.

तुमची पहिली वारी आहे, सगळी परतवारी करा असं मी म्हणणार नाही. पौर्णिमेपर्यंत थांबा, गोपाळपूरचा काला घ्या आणि पालखी निघाली की तिच्या मागे चालायला लागा. परतीचा पहिला मुक्काम वाखरीला असतो, आरामात चाललात तरी दोन तासांची वाट. सामान हलकं ठेवा, छत्रीपेक्षा इरलं किंवा प्लास्टिकचा कागद बरा, हात मोकळे राहतात. वाखरीला पादुकांवर डोकं टेकवा, माऊलींना सांगा की मी इथून निघते किंवा निघतो. पुण्याकडच्या काही एसटी त्याच रस्त्याने जातात.