कायझेन, फाइव्ह एस सुरू करताना ट्रेनिंग खरंच लागतं का?

"फॉर्म सोपे आहेत, वाचून भरता येतील, ट्रेनिंगला दोन दिवस कशाला घालवायचे?" कायझेन (कामात सतत छोट्या छोट्या सुधारणा करत राहणं) आणि फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पाच पायऱ्यांची पद्धत) सुरू करताना तुमचे साहेब असं म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच म्हटलं गेलं होतं. तेव्हा मीही मान डोलावली होती.

मी मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होतो. 'फाइव्ह व्हाय'चे छापील फॉर्म आले. दोष सापडला की पाच वेळा 'का?' विचारायचं, एवढंच. महिन्याभरात फाईल जाडजूड झाली. ऑडिटच्या आदल्या रात्री ती चाळली, तर जवळपास प्रत्येक फॉर्मच्या तळाशी एकच कारण : ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय : समज दिली. त्यातले निम्मे मीच सही केलेले!

पुढे आलेल्या ट्रेनरने वर्ग घेतलाच नाही, थेट मशीनपाशी नेलं. भोक सरकलं, का? जॉब (घडवायचा भाग) फिक्स्चरमध्ये, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या साच्यात, नीट टेकला नव्हता. का? टेकायच्या पॅडवर धातूची बारीक चिप (कीस) होती. ती धुतली का गेली नाही? कूलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) धार भलतीकडे पडत होती. का? नोझल वळलं होतं. जॉब बदलताना हात लागायचा आणि ते घट्ट बसवायची सोयच नव्हती. तासभर गेला, पण त्यात ऑपरेटरचं दुर्लक्ष कुठेच आलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' (१९४०-४५) या कार्यक्रमाने काम शिकवण्याच्या चार पायऱ्या घालून दिल्या : माणसाची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन बघत राहा. युद्धानंतर ही पद्धत जपानात गेली आणि टोयोटानेही ती उचलली. आपण बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच थांबतो, तेही स्लाइड दाखवून.

फाइव्ह एसचंही तेच. पहिला एस, 'सेइरी', म्हणजे नको ते काढून टाकणं. हे कुणी समजावलं नाही तर लोक थेट झाडू घेतात, आणि वर्षानुवर्षं न लागलेल्या वस्तू पुसून, लेबल लावून ठेवतात.

सगळ्यांना एकदम बसवू नका. आधी सुपरवायझर, कारण अडलं की ऑपरेटर त्यालाच विचारणार. मग एकच लाइन, एकच दोष. साहेबांना दोन दिवस जड वाटत असतील तर दोन तास मागा, पण मशीनपाशी. आणि आठवड्याने परत अर्धा तास. तो अर्धा तास मात्र सोडू नका, आमच्याकडे पहिल्यांदा नेमका तोच रद्द झाला होता.