इलेक्ट्रिक गाडीचं एकच मॉडेल, मग कोल्हापुरात घरी चार्जिंगला नऊ तास आणि पुण्यात चार तास का? तेही रोज वेगळे का?

तुमची गाडी १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लागते आणि पुण्यातल्या मेव्हण्यांनी भिंतीवर ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवलाय, असं तुम्हीच लिहिलंय. मुख्य फरक तिथेच आहे. साध्या सॉकेटवरून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून भरायची म्हणजे २४ युनिट आत जायला हवेत. वाटेत उष्णतेत जाणारी वीज धरली तर आठ-नऊ तास लागणारच.

पण लगेच मोठा चार्जर घेऊ नका. बॅटरीला डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, घरात येते एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. ती बदलून देणारा ऑनबोर्ड चार्जर गाडीतच असतो. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर काहीही लावा, गाडी ३.३ च घेणार. एकाच मॉडेलमध्येही व्हेरियंटनुसार हा आकडा बदलतो, तेव्हा आधी तो बघा. शिवाय ७.२ साठी बिलावरचा मंजूर भार पुरेसा हवा.

आता रोजचा फरक. मी कोल्हापुरातच कळंब्याकडे राहतो. संध्याकाळी नळाला पाणी आलं की गल्लीतले सगळे पाण्याचे पंप एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. एकदा तेव्हा मल्टिमीटर लावला तर १९५ व्होल्ट; रात्री एक वाजता २२८. चार्जिंगची केबल १५ अँपिअरच्या वर ओढत नाही, म्हणजे संध्याकाळी २.९ किलोवॉट आणि मध्यरात्री ३.४. मी टायमर साडेअकराला लावतो, तासभर सहज वाचतो.

शेवटचे काही टक्केही सावकाश चढतात. बॅटरीतले सगळे सेल एकसारखे भरून घेण्यासाठी गाडीच करंट कमी करते. त्यात बिघाड काही नाही.

काळजी मात्र सॉकेटची करा. माझ्याकडे एकदा चार्जिंग अचानक निम्म्यावर आलं. प्लग काढून पाहिला तर एक पिन काळी पडलेली, सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं झालेलं. आत स्क्रू ढिला होता. केबलच्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर होता, म्हणून तिने करंट कमी केला. तो नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही सोडत नाही. नंतर मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) टाकला, अर्थिंग तपासून घेतलं.

आज रात्री अर्ध्या तासाच्या चार्जिंगनंतर प्लगच्या बाहेरच्या भागाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर तिथेच बंद करा, आणि वायरमन येईपर्यंत त्या सॉकेटला गाडी लावू नका.