मार्वलच्या काहोरी या सुपरहिरोइनची गोष्ट इरोक्वा या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या खऱ्या पुराणातून घेतली आहे का? लोकप्रिय संस्कृतीत त्याचे आणखी पडसाद कुठे दिसतात? आणि त्या पुराणातलं कासव म्हणजे आपला कूर्मावतारच ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, आणि घेतलीय ती त्या लोकांना विचारून. 'व्हॉट इफ' या ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला (डिसेंबर 2023) तो भाग जवळपास अख्खा मोहॉक या इरोक्वा लोकांपैकी एकांच्या भाषेत आहे, स्पॅनिश शिपाई तेवढे स्पॅनिश बोलतात. काहोरीला आवाज देणारी डेव्हरी जेकब्स स्वतः मोहॉक आहे. मूळ कथेत आकाशलोकातलं झाड उपटलं जातं आणि त्या भोकातून एक गरोदर बाई खाली पडते. खाली नुसतं पाणी. पक्षी तिला पंखांवर झेलतात, कासव पाठ देतं, आणि पाणउंदरासारखा एक बारका जीव तळाशी बुडी मारून चिमूटभर चिखल आणतो. तो कासवाच्या पाठीवर पसरून बाई गोल गोल चालत राहते, तसतशी जमीन वाढते. मार्वलने हे उलटं केलंय: काहोरी तळ्यात पडते आणि आकाशलोकात पोचते. ज्याला हे सुचलं त्याला सलाम. टेसरॅक्ट (मार्वलच्या सिनेमांतला तो शक्तिशाली घन) वगैरे मसाला सोडून द्या.

आता कूर्मावतार. हा प्रश्न माझ्या घरात काही वर्षं पेटलेला आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहतो. इथून गाडीने अर्ध्या तासावर गनॉन्डगन आहे, सेनेका लोकांचं जुनं गाव. सेनेका म्हणजे इरोक्वा संघातल्या सहा राष्ट्रांपैकी एक. इरोक्वा लोक स्वतःला हॉदेनोशोनी म्हणवतात. 1687 मध्ये फ्रेंच गव्हर्नर देनोनव्हिलच्या फौजेने त्यांच्या मक्याची इथे धूळधाण केली. आता तिथे नव्याने बांधलेलं लाँगहाउस (त्यांचं पारंपरिक लांबलचक घर) आणि संग्रहालय आहे. भारतातून कुणी आलं की नायगारा झाल्यावर आम्ही त्यांना इथे आणतो. एका उन्हाळ्यात बायकोचे थोरले भाऊ आले होते. दादा.

तिथे उत्पत्तीकथेवरची एक छोटी फिल्म दाखवतात. गार्थ फॅगनच्या मंडळीतले नर्तक आणि ॲनिमेशन असं मिश्रण. (हाच फॅगन ब्रॉडवेवरच्या 'लायन किंग'चा नृत्यदिग्दर्शक. तुम्ही लोकप्रिय संस्कृतीतले पडसाद विचारलेत ना, मग कुठल्याही सुपरहिरोच्या आधी मी ही फिल्म सांगेन.) फिल्म संपली, दिवे लागले, आणि दादा माहिती देणाऱ्या सेनेका बाईंना म्हणाले, "हे आमच्याकडे आधीपासून आहे. कूर्मावतार. फार प्राचीन."

बाई अजिबात चिडल्या नाहीत. "अच्छा? मग तुमच्या कासवावर कोण पडलं?"

"पडलं नाही कुणी. पर्वत ठेवला होता."

"कशासाठी?"

"समुद्र घुसळायला."

"आणि जमीन?"

"ती होतीच की आधी."

"मग ती वेगळी गोष्ट दिसते, मला ऐकायला आवडेल," असं म्हणून त्या आम्हाला लाँगहाउसकडे घेऊन गेल्या. आत मधोमध चुली, वर धुराला वाट, दोन्ही बाजूंना झोपायचे माचे. बायको चुलीपाशी रमली. दादा गप्प. पण गाडीत बसल्यावर सुरू झाले, "त्यांना कळलं नाही रे मला काय म्हणायचं होतं. सगळं इथूनच तिकडे गेलंय." तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादं कासव येतं.

कासव दिसलं की हात वर करून "आमचं!" म्हणायची ही सवय मला असह्य होते. आपल्याकडे शंकराच्या देवळात कासव असतं, आपण त्याला हात लावून आत जातो. त्याच्या पाठीवर महाराष्ट्र आहे असं कुणी म्हणत नाही. आपली पृथ्वी शेषाच्या डोक्यावर. आणि साम्यच शोधायचं तर वराह घ्या ना, तोच पाण्यात शिरून पृथ्वी वर काढतो. पण तिथेही फरक आहे. आपल्याकडे हे काम साक्षात विष्णू करतो. त्यांच्याकडे मोठे प्राणी बुडी मारून हात हलवत परत येतात आणि एक फालतू वाटणारा जीव ते करतो. बऱ्याच ठिकाणी तर तो त्यातच मरतो. मला ती गोष्ट आवडते ती याच्यासाठी.

म्हणून पडसाद शोधताना कासव शोधू नका. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या कादंबऱ्यांमधल्या कासवावर चार हत्ती उभे आहेत, तिथेच कळतं की तो माल भारताच्या नावावर खपलेला आहे. पडणारी बाई शोधा, चिखल शोधा. लेखिका रॉबिन वॉल किमररच्या 2013 च्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवातच त्या बाईच्या पडण्याने होते. 'असॅसिन्स क्रीड 3' (2012) या व्हिडिओ गेमचा नायक मोहॉक आहे, त्यात भाषा कानावर पडते, पण ही कथा शोधायला जाल तर निराश व्हाल.

एक राहिलं. किमरर स्वतः पोटावाटोमी या दुसऱ्या मूलनिवासी लोकांतल्या आहेत, इरोक्वा नाहीत. कासवावरच्या जमिनीची गोष्ट अनिशिनाबे आणि लेनापे लोकही सांगतात, त्यामुळे 'टर्टल आयलंड' (कासवाचं बेट) हे उत्तर अमेरिकेसाठीचं नाव दिसलं की लगेच इरोक्वाच्या खात्यात टाकू नका. खुद्द हॉदेनोशोनींमध्येही सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. बुडी मारणारा प्राणीसुद्धा सगळीकडे एकच नसतो. मी वर सांगितली ती त्यातली एक तऱ्हा.

आणि दादा, तुम्ही हे वाचत असाल तर वराहाचा मुद्दा मी आधी मांडलाय. ग्रुपवर स्वतःच्या नावाने टाकू नका.